विंडो हरवली, अक्षरे बिनसली

संगणकावर मजकूर लिहिताना विंडोचा आकार आणि फॉन्ट यांबाबत येणाऱ्या अडचणींविषयीच्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. येथे ती देवनागरीत लिहिली आहेत, ती उच्चारावरून ओळखावीत.

प्रश्न : शाळेच्या कार्यालयातील संगणकाला सभेसाठी प्रोजेक्टर जोडला होता. तो काढून नेल्यापासून नोटपॅड सुरू केले की खालच्या टास्कबारवर त्याचे चिन्ह दिसते, परंतु विंडो पडद्यावर कुठेच दिसत नाही. प्रोग्राम काढून पुन्हा टाकावा लागेल का? (सांगोला)

उत्तर : प्रोग्राम काढण्याची काहीही गरज नाही; तसे केल्याने बहुधा उपयोगही होणार नाही. विंडो बंद करताना ती पडद्यावर कोठे होती आणि केवढी होती याची नोंद अनेक प्रोग्राम ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच जागी ती उघडतात. प्रोजेक्टर हा दुसरा पडदा म्हणून जोडलेला असेल आणि विंडो त्या पडद्यावर असताना बंद केली असेल, तर आता ती अस्तित्वात नसलेल्या पडद्यावर उघडत असते. एरवी विंडोज अशी विंडो आपणहून मुख्य पडद्यावर आणते, परंतु दुसरा पडदा जोडलेलाच आहे असा संगणकाचा समज कायम राहिला, तर ते घडत नाही. म्हणून प्रथम विंडोज कळ आणि 'पी' दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' हा पर्याय निवडावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

तेवढ्याने न झाल्यास नोटपॅड सुरू करावे, टास्कबारवरील त्याच्या चिन्हावर एकदा टिचकी मारून ते सक्रिय करावे आणि 'ऑल्ट' व 'स्पेस' या कळा एकदम दाबाव्यात. विंडोचा छोटा मेनू पडद्याबाहेरच उघडेल, त्यामुळे तो दिसणार नाही. तरीही 'एम' दाबावे, म्हणजे 'मूव्ह' हा पर्याय निवडला जातो. त्यानंतर बाणाची कोणतीही एक कळ एकदाच दाबून माउस हलवावा. विंडो माउसच्या टोकाला चिकटून पडद्यावर येते आणि टिचकी मारताच तेथे स्थिरावते. बाणाची कळ दाबल्याशिवाय माउस हलवला तर काहीच घडत नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेकांकडून सुटते. विंडोज कळ आणि डावा किंवा उजवा बाण दाबून विंडो पडद्याच्या अर्ध्या भागात आणणे हा त्याहून सोपा उपाय आहे. मात्र विंडो 'मिनिमाइझ' झालेली असेल तर तो लागू पडत नाही. विंडो जागेवर आल्यावर ती एकदा तेथेच बंद करावी, म्हणजे नवी जागा नोंदली जाईल.

प्रश्न : वर्ड दर वेळी लहानशा विंडोत उघडतो. मी ती मोठी करते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (चिपळूण)

उत्तर : आपण ज्या चिन्हावरून वर्ड सुरू करता त्या शॉर्टकटवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' पाहावे. तेथे 'रन' या शब्दापुढे 'नॉर्मल विंडो', 'मिनिमाइझ्ड' आणि 'मॅक्सिमाइझ्ड' असे तीन पर्याय असतात. त्यांतील शेवटचा निवडावा. फाइलवरच टिचकी मारून वर्ड उघडत असाल तर हा उपाय चालणार नाही. त्या वेळी सर्व विंडो बंद करून एकच उघडी ठेवावी, तिच्या कडा माउसने ओढून ती हव्या त्या आकाराची करावी आणि मग ती बंद करावी. अनेक विंडो उघड्या असताना सगळ्यांत शेवटी जी बंद होते तिचाच आकार सहसा लक्षात ठेवला जातो. आपण मोठी केलेली विंडो आधी आणि एखादी लहान विंडो नंतर बंद होत असेल, तर आपले श्रम रोज वाया जातात.

प्रश्न : नोटपॅडमध्ये टिपणाच्या शीर्षकापुरता फॉन्ट मोठा केला तर सगळा मजकूर मोठा झाला आणि नंतर उघडलेल्या इतर फाइलीही तशाच दिसू लागल्या. शिवाय 'एरियल' निवडला तर इंग्रजी शब्द बदलतात, मराठी मात्र जसेच्या तसे राहतात. पूर्वीचा 'मंगल' फॉन्ट तर नव्या संगणकाच्या यादीतच नाही. (परभणी)

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची कारणेही वेगळी आहेत.

नोटपॅडच्या साध्या मजकुराच्या फाइलीत फक्त अक्षरांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात. ती अक्षरे कोणत्या फॉन्टमध्ये आणि किती मोठी दाखवायची हे लिहून ठेवण्याची जागाच त्या फाइलीत नसते. नोटपॅडमधील फॉन्ट हा वाचणाऱ्याच्या चष्म्यासारखा असतो: तो बदलला की समोरची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते आणि कागदावर काहीच बदललेले नसते. म्हणून तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर पाठवल्यास ती त्याच्या फॉन्टमध्ये उघडेल. शीर्षक वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या फॉन्टचे हवे असेल तर वर्ड, लिबरऑफिस रायटर किंवा तत्सम प्रोग्राम वापरावा. विंडोज ११ मधील नोटपॅडमध्ये फॉन्ट बदलण्याची सोय आता उजव्या कोपऱ्यातील दातेरी चक्राच्या चिन्हाखाली, म्हणजे 'सेटिंग्ज'मध्ये आहे; त्याआधी ती 'फॉरमॅट' मेनूत असे.

आता 'एरियल'विषयी. 'एरियल' किंवा नोटपॅडचा नेहमीचा 'कन्सोलास' यांत देवनागरी अक्षरेच नाहीत. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसेल तर विंडोज ते ज्या फॉन्टमध्ये आहे त्यातून उसने घेते. देवनागरीसाठी विंडोज ८ पासून हा उसना फॉन्ट 'निर्मला यूआय' असतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो 'मंगल' असे. त्यामुळे आपण 'एरियल', 'टाइम्स न्यू रोमन', 'कुरियर' यांपैकी काहीही निवडले तरी मराठी मजकूर 'निर्मला'तच दिसत राहतो. मराठी अक्षरांचे वळण बदलायचे असेल तर ज्यात देवनागरी आहे असाच फॉन्ट निवडावा लागेल. उदाहरणार्थ गुगलचा 'नोटो सान्स देवनागरी' किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त'; दोन्ही विनामूल्य मिळतात. ज्यांच्या लिखाणात इंग्रजी शब्द थोडेच असतात त्यांनी थेट 'निर्मला यूआय' निवडला तरी चालेल, कारण त्यात लॅटिन (म्हणजे इंग्रजीची) अक्षरेही आहेत आणि दोन लिप्यांच्या आकारांत विसंगती राहत नाही.

'मंगल' दिसत नाही याचे कारण असे की विंडोज १० पासून 'मंगल', 'अपराजिता', 'कोकिला' आणि 'उत्साह' हे फॉन्ट मूळ संचातून काढून एका ऐच्छिक संचात ठेवण्यात आले. 'सेटिंग्ज'मधील 'ऑप्शनल फीचर्स' येथे जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' हा संच जोडला की ते परत येतात. हिंदी किंवा मराठी ही भाषा संगणकात जोडली तरीही तो संच सहसा आपोआप उतरतो. फॉन्ट संगणकात असूनही यादीत न दिसण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या भाषांसाठी नसलेले फॉन्ट यादीतून लपवण्याची एक सोय विंडोज ७ पासून आहे आणि ज्या संगणकावर केवळ इंग्रजी भाषा जोडलेली आहे तेथे ती देवनागरी फॉन्टही लपवू शकते. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'फॉन्ट्स'मध्ये 'फॉन्ट सेटिंग्ज' उघडून 'हाइड फॉन्ट्स बेस्ड ऑन लँग्वेज सेटिंग्ज' यापुढील खूण काढावी. मदतीसाठी केलेली ही सोय मराठी वापरणाऱ्यांना त्रासदायकच ठरली आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : सकाळी फाइल उघडली तर अक्षरे दुप्पट मोठी झालेली. फॉन्टचा आकार तपासला तर तो पूर्वीइतकाच आहे. (डोंबिवली)

उत्तर : हा झूम आहे. 'कंट्रोल' कळ दाबली गेलेली असताना माउसचे चाक फिरले, किंवा लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटे फाकली, की तो बदलतो. नोटपॅडमध्ये ही सोय २०१८ पासून आली असून 'कंट्रोल' आणि शून्य दाबल्यास झूम पुन्हा शंभर टक्के होतो. तीच कळ वर्डमध्ये मात्र दाबू नये. तेथे तिचे काम परिच्छेदाच्या आधी १२ पॉइंट जागा सोडणे किंवा असलेली जागा काढणे हे आहे. वर्डमधील झूम उजव्या कोपऱ्यातील पट्टीवरून ठीक करावा. झूममुळे छपाईत काहीही फरक पडत नाही.

प्रश्न : मी ग्रामदैवतांविषयीचे पुस्तक वर्डमध्ये लिहीत आहे. सर्व मजकूर निवडून 'टाइम्स न्यू रोमन' आणि १४ पॉइंट असे केले, तर इंग्रजी नावे बदलली आणि मराठी मजकूर काही ठिकाणी ११ वर, काही ठिकाणी १४ वर राहिला. नवीन परिच्छेद लिहू लागलो की आकार पुन्हा ११ होतो. (कुडाळ)

उत्तर : मराठी लेखकांना वर्डचा सर्वांत जास्त त्रास होतो तो नेमका येथे, आणि त्याचे मूळ पडद्यावर सहजी दिसत नाही. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी एकच फॉन्ट लक्षात ठेवत नाही. लॅटिन लिपीसाठी एक फॉन्ट आणि त्याचा आकार, तर देवनागरी, अरबी, तमिळ यांसारख्या ज्या लिप्यांत अक्षरे एकमेकांशी जुळून आकार बदलतात त्यांच्यासाठी दुसरा फॉन्ट आणि दुसरा आकार, अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात. दुसऱ्या गटाला वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणतो. ठळक आणि तिरपी अक्षरे यांच्या नोंदीसुद्धा दोन्ही गटांसाठी वेगवेगळ्या असतात. म्हणून पहिल्या खात्यात १४ आणि दुसऱ्यात ११ असे एकाच वाक्यात घडू शकते आणि आपल्या पुस्तकात तसेच घडले आहे.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' येथे जाऊन लिखाणाच्या भाषांत मराठी जोडलेली आहे याची खात्री करावी आणि वर्ड बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण एकही अशी भाषा जोडलेली नसेल तर फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा भागच दिसत नाही. त्यानंतर 'कंट्रोल' आणि 'डी' दाबून फॉन्टची चौकट उघडली की वर 'लॅटिन टेक्स्ट' आणि खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतील. खालच्या भागात देवनागरी फॉन्ट आणि हवा तो आकार निवडावा.

परंतु केवळ मजकूर निवडून हे करणे पुरेसे नाही. नव्या परिच्छेदात आकार ११ वर येतो, कारण तो परिच्छेदाच्या शैलीतून, बहुधा 'नॉर्मल' या शैलीतून येतो. 'होम' पट्टीवरील 'नॉर्मल' या नावावर उजवी टिचकी मारून 'मॉडिफाय' निवडावे. चौकटीच्या तळाशी डावीकडे 'फॉरमॅट' हे बटण असते. त्यातील 'फॉन्ट'मधून पुन्हा तीच दुहेरी चौकट उघडते. येथे दोन्ही भाग नीट भरावेत. पुढील सर्व नव्या फाइलींत हेच हवे असेल तर त्याच 'मॉडिफाय'च्या चौकटीतील 'न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट' हा पर्याय निवडावा. शैली बदलूनही ज्या परिच्छेदांवर पूर्वी हाताने केलेले बदल शिल्लक आहेत ते दाद देणार नाहीत; ते निवडून 'कंट्रोल' आणि स्पेस दाबल्यास हाताने केलेली अक्षरांची मांडणी निघून जाते आणि शैलीचा आकार लागू होतो. मात्र त्याबरोबर ठळक आणि तिरपी केलेली अक्षरेही साधी होतात. म्हणून संपूर्ण पुस्तक एकदम निवडून ही कळ दाबू नये, प्रकरणागणिक पाहत जावे आणि आधी फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी.

पुस्तक दुसऱ्याकडे पाठवताना फॉन्टही सोबत जावा असे वाटत असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' येथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' हा पर्याय आहे. फॉन्टच्या परवान्यात तशी मुभा असेल तरच तो चालतो. आपल्या फाइलीतील एखादा फॉन्ट समोरच्या संगणकावर नसल्यास वर्ड परस्पर दुसरा वापरतो. कोणत्या फॉन्टऐवजी कोणता वापरला गेला हे 'ऑप्शन्स'मधील 'अॅडव्हान्स्ड' भागात 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' या बटणाखाली पाहता येते.

प्रश्न : हीच अडचण लिबरऑफिस रायटरमध्ये येते, तेव्हा काय करावे? (वर्धा, तसेच फोंडा, गोवा)

उत्तर : तत्त्व तेच आहे आणि सोय अधिक उघड आहे. 'टूल्स'मधील 'ऑप्शन्स' उघडून भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' यापुढे खूण करावी आणि त्यासाठी मराठी निवडावी. त्यानंतर 'लिबरऑफिस रायटर' या विभागात 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' असे स्वतंत्र पान दिसू लागते. तेथे शीर्षक, यादी, मूळ मजकूर यांचे देवनागरी फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवता येतात. फॉन्ट फाइलीसोबत पाठवण्यासाठी 'फाइल', 'प्रॉपर्टीज', 'फॉन्ट' या क्रमाने जावे.

प्रश्न : 'मंगल'मधील लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये नेल्यावर पाने कमी झाली, परंतु ओळींच्या वरचे रफार आणि वेलांट्या अर्धवट कापलेल्या दिसतात. (नांदेड)

उत्तर : १२ पॉइंट हे माप अक्षराच्या उंचीचे नसून ते अक्षर ज्या काल्पनिक चौकटीत बसवलेले असते तिचे आहे, आणि त्या चौकटीत अक्षर किती मोठे काढायचे, ओळीच्या वर आणि खाली किती जागा राखायची हे प्रत्येक फॉन्ट करणारा आपल्या मताने ठरवतो. 'मंगल'मध्ये ओळीची उंची ऐसपैस ठेवलेली आहे. त्यामुळे तोच मजकूर त्याच १२ पॉइंटमध्ये दुसऱ्या फॉन्टात नेला की पाने कमी होतात. पानांच्या संख्येवर मानधन किंवा स्पर्धेची मर्यादा ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन शब्दसंख्या मागणे अधिक योग्य ठरेल.

कापलेल्या रफारांचे कारण ओळींच्या अंतराच्या मांडणीत असते. परिच्छेदाच्या चौकटीत 'लाइन स्पेसिंग' खाली 'एक्झॅक्टली' निवडलेले असल्यास वर्ड ओळीला दिलेल्या मापापेक्षा तिळभरही अधिक जागा देत नाही आणि जे वर किंवा खाली उरेल ते कापतो. इंग्रजी अक्षरांना हे माप पुरते. मराठीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र येऊ शकतात, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा भाग येतो, आणि 'मूर्तींच्या' यासारख्या शब्दाला दोन्ही दिशांना जागा लागते. 'एक्झॅक्टली'ऐवजी 'सिंगल' किंवा 'अॅट लीस्ट' निवडावे. पडद्यावर कापलेले दिसते पण छापून नीट येईल, अशा भरवशावर राहू नये. ते बहुधा छपाईतही कापलेलेच येते.

प्रश्न : मी संगणकक्षेत्रात काम करतो आणि मजकूर लिहिण्यासाठी 'इमॅक्स' हा प्रोग्राम वापरतो. फॉन्ट मोठा केला की विंडोसुद्धा मोठी होऊन पडद्याबाहेर जाते. मॅकवरील 'टेक्स्टएडिट'मध्येही नव्या फाइलीची विंडो फॉन्टप्रमाणे लहानमोठी होते. हा दोष आहे का? (पुणे, तसेच कॅलिफोर्निया)

उत्तर : दोष नाही, विंडो मोजण्याची ही जुनी पद्धत आहे. या प्रोग्रामांत विंडोची रुंदी ठिपक्यांत ठरत नाही, ती एका ओळीत किती अक्षरे मावावीत यावर ठरते आणि उंची ओळींच्या संख्येवर. आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या छिद्रांच्या कार्डावर ८० स्तंभ होते, आणि १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या (संगणकाला जोडायच्या पडदा-कळफलकाच्या) पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. पुढे विंडो आल्या तरी लिहिणाऱ्यांना ओळीत ८० अक्षरे हवीच होती. म्हणून अक्षर रुंद झाले की ८० अक्षरे सामावण्यासाठी विंडो रुंद होते. 'जीव्हिम' या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्येही असेच घडते, आणि ती विंडो पूर्ण पडदाभर केली की उजव्या व खालच्या कडेला एक अरुंद पट्टी रिकामी राहते, कारण पडद्याच्या रुंदीला अक्षराच्या रुंदीने पूर्ण भाग जात नाही. ती पट्टी पाहून पडद्यात बिघाड आहे असे समजू नये.

इमॅक्समध्ये विंडो स्थिर ठेवून फॉन्ट बदलायचा असेल तर आरंभीच्या फाइलीत 'फ्रेम-इनहिबिट-इम्प्लाइड-रिसाइझ' या चलाची किंमत 'टी' अशी ठेवावी. इमॅक्समध्ये संपूर्ण चौकटीला 'फ्रेम' म्हणतात आणि तिच्या आतील भागांना 'विंडो', हे लक्षात न घेतल्यास सूचना चुकीच्या ठिकाणी शोधल्या जातात. केवळ समोरचा मजकूर तात्पुरता मोठा पाहायचा असल्यास 'कंट्रोल-एक्स' नंतर 'कंट्रोल' आणि अधिक चिन्ह दाबावे. त्याने फ्रेमचा आकार बदलत नाही. देवनागरी मजकूर लिहिणाऱ्यांनी २०२० मधील २७ वी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, कारण तेव्हापासून जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ या तयार प्रोग्राम-संचाकडे (लायब्ररीकडे) सोपवण्यात आले आहे.

टेक्स्टएडिटच्या 'सेटिंग्ज'मधील 'न्यू डॉक्युमेंट' या पानावर विंडोची रुंदी अक्षरांत आणि उंची ओळींत दिलेली असते. फॉन्ट मोठा ठेवायचा असेल तर हे दोन्ही आकडे कमी करावेत. तेथील बदल फक्त नव्या फाइलींना लागू होतो, आधी साठवलेल्या फाइलींना नाही.

'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा प्रोग्राम लिहिण्याचा संपादक वापरणाऱ्यांची तक्रार याच्या उलट असते. त्यात 'कंट्रोल' आणि अधिक चिन्ह दाबले की मजकुराबरोबर मेनू आणि बाजूच्या पट्ट्याही मोठ्या होतात, कारण ती कळ संपूर्ण प्रोग्रामचा झूम एका पायरीने, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढवते. केवळ मजकूर मोठा हवा असल्यास सेटिंग्जमध्ये 'एडिटर फॉन्ट साइझ' बदलावा. तेथेच 'फॉन्ट फॅमिली'मध्ये स्वल्पविराम देऊन एकापुढे एक फॉन्ट लिहिता येतात. आधी लॅटिनसाठी आवडता फॉन्ट आणि त्यापुढे देवनागरी फॉन्ट लिहिल्यास उसन्या फॉन्टची निवड आपल्या हाती राहते.

प्रश्न : लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडल्यावर विंडो तिकडे नेली की अक्षरे धूसर होतात. (नाशिक)

उत्तर : दोन पडद्यांचे 'स्केल', म्हणजे सर्व काही किती टक्के मोठे दाखवायचे ते प्रमाण, वेगळे असावे. शंभर टक्के स्केलवर विंडोज एका इंचाला ९६ ठिपके धरते आणि पॉइंट हा इंचाचा बहात्तरावा भाग असल्याने १२ पॉइंटचे अक्षर १६ ठिपक्यांचे होते. दीडशे टक्क्यांवर तेच २४ ठिपक्यांचे होते. जुन्या प्रोग्रामांना पडदा बदलल्याचे कळत नाही, तेव्हा विंडोज त्यांचे तयार चित्रच ताणते किंवा आकसते आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. प्रोग्राम त्या मॉनिटरवरच बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. तरीही फरक न पडल्यास त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' पानावर 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' उघडून तेथील पर्याय बदलून पाहावेत.

प्रश्न : आमच्या संस्थेचे जुने इतिवृत्त एका फाइलीत आहे. फॉन्ट बदलून 'निर्मला' केला तर सगळे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे झाले. मजकूर नष्ट झाला का? (इचलकरंजी)

उत्तर : नष्ट झालेला नाही. 'कंट्रोल' आणि 'झेड' दाबून बदल मागे घ्यावा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी महाराष्ट्रात श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या प्रणाली चालत आणि त्यांच्या अनेक फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाइलीत साठवले जाई ते इंग्रजी अक्षरच. मराठी दिसे ते केवळ फॉन्टमुळे. हिंदी भागात प्रचलित असलेल्या 'कृतिदेव'मध्ये 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात 'ई, जे, के, बी, एच' ही पाच इंग्रजी अक्षरे म्हणून साठवला जातो. अशा फाइलीचा फॉन्ट बदलणे हा उपाय असूच शकत नाही. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी मूळ फॉन्टचे नेमके नाव माहीत असावे लागते, कारण प्रत्येक प्रणालीत आकारांच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणून रूपांतर होईपर्यंत फॉन्टचे नाव पुसले जाईल असे काहीही करू नये. विशेषतः तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवू नये. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीत. चुका बहुधा तेथेच राहतात.

फाइल बिघडल्याची भीती वाटते तेव्हा काय दिसते आहे ते पाहावे. इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसत असेल तर जुना फॉन्ट हवा आहे. रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे आणि देवनागरी फॉन्ट नाही. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरल्या असतील तर मात्र फाइल साठवताना 'एएनएसआय' हा मराठी अक्षरे न सामावणारा जुना पर्याय निवडला गेला असून त्या प्रतीतील मराठी मजकूर खरोखरच गेला आहे, आणि तो केवळ एखाद्या जुन्या प्रतीतूनच मिळू शकेल. नोटपॅड २०१९ पासून आपणहून 'यूटीएफ-८' ही युनिकोड साठवण्याची पद्धत वापरते, त्यामुळे हा धोका आता कमी झाला आहे.

प्रश्न : फॉन्ट बदलल्यावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसू लागले. फॉन्ट तर मराठीला चालणारा म्हणून घेतला होता. (जळगाव)

उत्तर : महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' यांना मराठीसाठी मान्यता दिलेली आहे. परंतु युनिकोडमध्ये या अक्षरांच्या मराठी आणि हिंदी वळणांना वेगळे क्रमांक नाहीत. 'ल' एकच आहे आणि कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकूर मराठीचा आहे असे प्रोग्रामने कळवले तरच मराठी वळण पुढे येते. म्हणून लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून 'टूल्स'मधील 'लँग्वेज' येथे त्याची भाषा मराठी करावी. भाषा हिंदी म्हणून नोंदली गेली असेल तर तोच फॉन्ट हिंदी वळण दाखवेल आणि त्यात फॉन्टची चूक नसते. रेड हॅटच्या 'लोहित' मालिकेत पूर्वी मराठी, हिंदी आणि नेपाळीसाठी निरनिराळे फॉन्ट होते. नंतर ते 'लोहित देवनागरी' या एकाच फॉन्टात आणले गेले, आणि तेव्हापासून भाषेची नोंद अधिकच महत्त्वाची झाली. नोटपॅडमध्ये मजकुराची भाषा नोंदवण्याची सोय नसल्याने तेथे हा उपाय चालत नाही. ज्याचे मूळ वळणच मराठी आहे असा फॉन्ट त्यासाठी शोधावा लागतो.